बापूस पत्र : सावलीतल्या बालसमचं

सावदा, ता. रावेर
आषाढ

प्रिय बापू,
स. न. वि. वि.

धुळ्याच्या घराचे फोटो मिळाले. ओटा छान झालाय, रंगाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, तो वहिनींनी निवडला असं तूच लिहिलं आहेस. मागच्या परसात काहीच येत नाही, शेवंती गेली, गुलाब नुसताच उंच वाढतो आणि कळी धरत नाही, असं तू म्हणतोस. येणार कसं? उत्तरेची भिंत, त्यावर शेजारच्या लिंबाची फांदी, ऊन म्हणशील तर सकाळी घटकाभर. तिथं बालसम लाव. नर्सरीत इम्पेशन्स म्हण नाहीतर बालसम म्हण, देतात. फक्त कधी त्याऐवजी देशी तेरड्याचं रोप हातात देतील, तेवढं बघून घे. तेरड्याला फुलं खोडाला चिकटून पानांच्या बगलेत लागतात आणि त्याला ऊन हवं. तुला हवं ते बुटकं, पसरणारं, चपटी पाच पाकळ्यांची फुलं झाडभर मिरवणारं.

हे मूळचं पूर्व आफ्रिकेचं, केनिया-टांझानियापासून मोझांबिकपर्यंतच्या ओलसर रानातलं, ओढ्याकाठी मोठ्या झाडांखाली वाढणारं. एवढं ध्यानात ठेवलंस की त्याची निम्मी निगा तुझी तुलाच सुचेल. सगळे म्हणतात सावलीचं झाड, म्हणून लोक कुंडी कोपऱ्यात ढकलतात आणि मोकळे होतात. आपल्या खान्देशात सावली मिळणं अवघड नाही, अवघड आहे ती हवेतली ओल. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो तेव्हा सावलीतसुद्धा वारा भाजून काढतो. बालसमचं खोड म्हणजे पाण्यानं भरलेली नळी. पान पातळ, वरून राखण काही नाही. तो वारा लागला की दुपारी झाड आडवं होतं.

केळीला आपण काय करतो? बांधाला शेवरी लावतो, वाऱ्याच्या बाजूनं हिरवी जाळी बांधतो. भर उन्हाळ्यात बागेत शिरलास तर बाहेरच्यापेक्षा हवा वेगळीच लागते, ते तू लहानपणापासून अनुभवलं आहेस. कुंड्यांनाही तेच करायचं. पश्चिमेकडून येणारा वारा अडव, जाळी 50 टक्के सावलीची पुरे. कुंड्या सुट्या सुट्या मांडू नकोस, एकमेकींना लागून ठेव, म्हणजे एकीच्या पानांची ओल दुसरीला मिळते. टांगत्या टोपल्यांचा नाद वहिनींना सोडायला सांग. दिसतात सुंदर, पण आपल्याकडे दुपारपर्यंत कोरड्या ठाक होतात.

आता लिंबाचं. त्याच्या बुंध्याजवळ जमिनीत हे रोप लावू नकोस. लिंबाची मुळं पाणी आधी पितात, याच्या वाट्याला काही उरत नाही. आठ इंची कुंडी घे, खाली भोकं असलेली, आणि काळी माती अजिबात भरू नकोस. आपली काळी माती कापसाला सोनं, पण कुंडीत ती भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. गाळाची माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर जाड वाळू असं मिसळ. पांझरा नदीची वाळू मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर तिच्यासाठी कुणाच्या नादी लागू नकोस.

पाण्याच्या बाबतीत लोक दोन्ही टोकं गाठतात. झाड मान टाकतं म्हणून दिवसातून तीनदा ओततात, आणि मग मूळ सडून तेच झाड पुन्हा मान टाकतं. बोट मातीत घाल. वरचा थर कोरडा वाटला की पाणी, भोकातून निथळेपर्यंत. बोट ओलं निघालं आणि तरी झाड लोळतंय, तर पाणी थांबव. सकाळी घाल, मुळाशी घाल. संध्याकाळी पानं भिजवून ठेवलीस तर पावसाळ्यात बुरशीला आमंत्रणच. बोअरचं खारवट पाणी असेल तर पानांच्या कडा जळतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. आत्ता पन्हाळीचं पाणी टाकीत धरून ठेव.

खताला हात आखडता ठेव. केळीला ठिबकातून सोडतो तेच 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यानं एकदा. शेतकऱ्याला कमी घालायला सांगणं कठीण, मला माहीत आहे, पण नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात. रोप चार बोटं झालं की शेंडा खुड. खुडताना जीवावर येतं, पण त्यानंच ते पसरतं.

न्यू गिनी म्हणून एक जात दाखवतील, जाड गडद पानांची, मोठ्या फुलांची. अमेरिकेच्या कृषी खात्यानं आणि लाँगवुड गार्डन्सनं 1970 मध्ये न्यू गिनीत मोहीम नेऊन जी झाडं आणली, त्यांच्यापासून पुढे तिची पैदास झाली. दिसायला रुबाबदार, पण तिला उजेड जास्त लागतो, सकाळचं कोवळं ऊन हवंच. एखादी पुढच्या ओट्यावर ठेव. परसातल्या गर्द सावलीत साधं बालसमच फुलेल, आणि खरं सांगू का, मला तेच जास्त आवडतं. न्यू गिनीचा एक मोठेपणा मात्र मान्य. साध्या बालसमच्या पानाखाली पांढरी बुरशी धरणारा केवडा रोग युरोप-अमेरिकेत फार पसरला, बागाच्या बागा उघड्या पडल्या, तो हिला सहसा होत नाही. तुझ्याकडे पानाखाली पांढरं दिसलंच, तर ते झाड पिशवीत बांधून टाकून दे, खतात नको. फुलकिड्यांकडे लक्ष ठेव. उन्हं तापली की लाल कोळी ही बारीक कीड येते, पानाखालून पाण्याचा फवारा मार.

हंगाम म्हणशील तर आत्ता लाव. आषाढापासून फाल्गुनापर्यंत ते तुला फुलं देईल. मध्ये थंडीत जरा थबकेल, धुळ्यात एखाद्या वर्षी पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा रात्री कुंड्या भिंतीशी ओढ. केळीला चरका बसतो ना, ती थंडी यालाही सोसत नाही. आणि चैत्र लागला की झाड जगवण्यासाठी जीव काढू नकोस. आपल्या पाल गावाकडच्या डोंगरात रानतेरडा बघ, पावसात येतो, ओघळींच्या काठानं फुलतो, पाणी हटलं की बी उडवून जातो. बालसम त्याच्याच कुळातलं. मेमध्ये ते जगलंच पाहिजे हा हट्ट आपला, झाडाचा नाही. माघात चांगल्या फुटीचे तीन-चार इंचांचे शेंडे पेराखाली काप, खालची पानं काढ, पेल्यात पाण्यात ठेव. दोन आठवड्यांत मुळं दिसतात. ती रोपं मोरीजवळच्या गार सावलीत, रांजणाशेजारी ठेव. उन्हाळ्यात फुलं मागू नकोस, जगली तर पावसाळ्यात वाढतील. नाही जगली तर नर्सरी आहेच, रोप काही महाग नसतं.

बियांच्या भानगडीत सध्या पडू नकोस. बी बारीक असतं, उगवायला उजेड लागतो, वर माती टाकली की बसलंच. माझ्याकडे लाल, पांढरी आणि तो फिका केशरी आहे, तिन्हींचे शेंडे देतो. भाचा पुढच्या रविवारी एसटीनं धुळ्याला येतोय, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्याजवळ पाठवतो. पोचले की त्याच दिवशी पाण्यात ठेव, फ्रीजमध्ये नको. कुंड्या तोवर आणून ठेव, आणि वहिनींना कुठला रंग हवा ते फोनवर सांग, नाहीतर तूच निवडशील आणि मग ओट्यासारखं मला ऐकावं लागेल.

आईंना नमस्कार.

तुझा,
नाना