खोल पाण्यातल्या मुशीसाठी मदतीचे आवाहन

मच्छीमार बांधव, विद्यार्थी आणि समुद्राबद्दल आस्था असणाऱ्या सर्वांना आमच्या मंडळाची कळकळीची विनंती आहे.

गल्पर शार्क ही खोल पाण्यातली मुशी. उथळ समुद्र संपून तळ खाली उतरू लागतो, त्या उतारावर २०० मीटरपासून पार हजार मीटरच्याही खाली ती राहते. मोठे हिरवट डोळे आणि पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक काटा. तिला हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेले भलेमोठे यकृत तिला पाण्यात तोलून धरते. त्या तेलातला स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत आणि औषधांत जातो, आणि तेच तिच्या जिवावर उठले आहे.

मादी वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात. गर्भ सुमारे दोन वर्षे पोटात वाढतो, आणि काही जातींत एका वेळी एकच पिल्लू होते. एवढ्या संथ प्राण्याला थोडी मासेमारीही झेपत नाही. मालदीवमध्ये १९८० च्या सुमारास यकृताच्या तेलासाठी तिची मासेमारी सुरू झाली आणि वीसेक वर्षांत तो धंदाच बसला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याजवळ १९७६-७७ मध्ये जिथे जाळी ओढली होती, तिथेच १९९६-९७ मध्ये पुन्हा ओढली, तर या मुशी ९० टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. तिथे निदान जुनी नोंद तरी होती. बहुतेक बंदरांवर सगळ्या जाती 'मुशी' म्हणून एकाच ढिगात जातात, मग कोणती संपत चालली हे कळणार कसे?

म्हणून तांडेल आणि खलाशांना विनंती: अशी मुशी आली तर एका कुशीवरून पूर्ण फोटो काढा, काटे आणि दात जवळून टिपा, खोली आणि जागा लिहून ठेवा. ओढताना मादीचे पिल्लू बाहेर पडले असेल, तर तेही जरूर कळवा. अशी नोंद फार मोलाची. वर आलेली मुशी परत सोडली तरी वाचतेच असे नाही, त्यामुळे ती जिथे सापडते ती जागा टाळणे हाच खरा उपाय.

विद्यार्थ्यांनी लिलावाच्या वेळी मोजमापासाठी यावे, ओळख आम्ही शिकवू. देणगीतून नमुन्यांच्या बाटल्या, अल्कोहोल आणि मुशी ओळखण्याची मराठी पत्रके घेतली जातील. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. ज्यांना यातले काहीच जमणार नाही, त्यांनी स्क्वालीन असलेली वस्तू घेताना ते कशापासून काढले हे विचारावे. ऑलिव्ह आणि उसापासूनही ते मिळते.