लेझर शत्रूलाही दिसतो, साहेब!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नाइट व्हिजनवरचा, म्हणजे अंधारात पाहायच्या यंत्रांवरचा, लेख काल पुन्हा वाचला आणि राहवेना म्हणून लिहितो. डेहराडूनच्या आयआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचे आणि ही यंत्रे बनवणाऱ्या बीईएल या सरकारी कंपनीचे नाव घेतलेत, आनंद वाटला. पण फोटोखाली ‘लेझरमुळे शत्रूला चाहूलही न लागता अचूक नेम’ अशी जी ओळ छापलीत, ती लिहिणाऱ्याने अंधारात कधी रायफल हातात धरलेली नाही, हे कामठीतला कोणीही माजी सैनिक सांगेल. माझ्या पुतण्याने पानठेल्यावर चारचौघांत तीच ओळ वाचून दाखवली आणि वर विचारले, ‘‘काका, इतकं सोपं असते तर तुमचा एवढा घाम कशाला निघत होता?’’

कशाला ते सांगतो. हेल्मेटवरचे यंत्र डोळ्यांवर उतरवले की रायफलची नेहमीची साइट, म्हणजे नेम धरायची सोय, कामातून गेली. दस्त्याला गाल लावायला जावे तर यंत्रच आधी रायफलवर आपटते. कशीबशी मान वाकडी करून जमवले तरी यंत्राचा फोकस लांबवर लावलेला असतो, त्यामुळे पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, धूसर. माशी दिसावी म्हणून फोकस जवळ आणावा, तर समोरचा माणूस गायब. म्हणून रायफलवर इन्फ्रारेड लेझर आला. गाल टेकवायची गरज नाही, ठिपका जिथे तिथे गोळी. तीही साधारण, बरे का! लेझर नळीच्या बाजूला बसतो. दोन्ही रेषा समांतर ठेवल्या तर गोळी ठिपक्यापासून तेवढीच बाजूला लागणार, अंतर कितीही असो. एका ठरावीक अंतरावर जुळवल्या, तर त्याच्या पुढे गोळी ठिपक्याच्या दुसऱ्या बाजूला जाणार. गोळी खाली येते ते आणखी निराळे. झिरोइंगच्या वेळी, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेताना, आमचे उस्ताद हेच सांगून घसा कोरडा करायचे. तुमच्या लेखात झिरोइंगचे नावसुद्धा नाही.

तेही चालवून घेतले असते. पण ‘चाहूलही न लागता’? त्या किरणाची तरंगलांबी 850 नॅनोमीटरच्या आसपास असते. उघड्या डोळ्याला तो दिसत नाही, पण नाइट व्हिजन लावलेल्या प्रत्येकाला दिसतो, मग तो आपला असो की परका. तुमच्या हिरव्या फोटोत तो दिसतोय तो कसा, हे पुरवणीवाल्यांनी एकमेकांना विचारले असते तरी पुरे होते.

उन्हाळ्यातला एक रात्रीचा सराव मला अजून जसाच्या तसा आठवतो. नुकतीच गाडी गेली होती, हवेत धूळ तरंगत होती. सेक्शन कमांडरने लेझर चालू ठेवूनच पुढे सरकायचा हुकूम दिला. यंत्रातून पाहिले तर प्रत्येक रायफलच्या तोंडातून धुळीत एक-एक पांढुरका दोरा निघालेला, आणि समोरच्या टेकाडावर ठिपक्यांची ही गर्दी. आपला कोणता हे कोणालाच कळेना. जो तो आपला ठिपका गोल फिरवून ओळखायच्या खटपटीत. पलीकडच्या ‘शत्रू’ प्लाटूनकडेही तीच यंत्रे होती. दोऱ्यांचा उलटा माग काढत ते थेट आमच्यापर्यंत पोचले. अंपायरने सगळ्यांना ‘मेलेले’ ठरवून मागे बसवले. चोराने हातात कंदील घेऊन निघावे तसला प्रकार. वर चहा मिळाला तोही सगळ्यात शेवटी, मेलेल्यांना काय घाई!

ही अडचण आजची नाही. 1945 मध्ये जर्मनांनी रायफलवर आणि अमेरिकनांनी जपानच्या ओकिनावा बेटावर कार्बाइनवर (आखूड रायफलवर) इन्फ्रारेड दिवा आणि तो उजेड पाहणारी दुर्बीण लावली, तेव्हाही समोर तसेच यंत्र असते तर दिवेवालाच आधी दिसला असता. समोरच्याकडे काही नसेल तर लेझरसारखी सोय नाही, हे मीही म्हणतो. पण समोरही यंत्र असण्याची शक्यता असेल तिथे शहाणा माणूस लेझर बंद ठेवतो आणि रेड डॉट साइटमधूनच, म्हणजे आतल्या काचेवर नेमाचा लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटमधूनच, बघतो. त्यासाठी साइट उंच बसवावी लागते आणि ठिपका इतका मंद करावा लागतो की नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसावा किंवा दिसूच नये. नाहीतर यंत्रात त्याचा भपकारा होऊन मागचे लक्ष्य झाकले जाते. शिकायला वेळ लागतो, मान दुखते, पण लेझरसारखा किरण बाहेर जात नाही.

लेखाच्या शेवटी शाळकरी मुलांना शिबिरात ही उपकरणे हाताळायला द्यावीत, अशी सूचना आहे. वा! दिव्याचा झोत डोळ्यावर आला की पापणी आपोआप मिटते. इन्फ्रारेड दिसतच नाही, तर पापणी कशाला मिटेल? जोरकस लेझर डोळ्यात गेला तर पोराला कळेपर्यंत पडदा भाजलेला असेल. ही सूचना तरी मागे घ्यावी आणि फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती ठळक जागी छापावी. निधनवार्तांच्या खाली कोपऱ्यात नको.

आणि अंधाराचा विषय निघालाच आहे म्हणून. कामठी रोडवरच्या झगझगीत एलईडी होर्डिंगबद्दल मी पाठवलेले पत्र अजून छापून आलेले नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि ते होर्डिंग एका क्षणात त्याचे मातेरे करते. रात्री स्कूटरवरून तिथून गेलात की पुढचा खड्डा दिसत नाही. त्याला नाइट व्हिजनही उपयोगाचे नाही. ते पत्र सापडत नसेल तर कळवा, प्रत पाठवतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
कामठी, जि. नागपूर