फणसाडच्या कडेची जमीन : इसार देण्याआधी

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला नकाशा आणि सातबाऱ्याचा फोटो पाहिला. मुरूड तालुक्यात, फणसाड अभयारण्याच्या हद्दीला लागून पंधरा गुंठे, खाली खाडी, समुद्र गाडीनं दहा मिनिटं. त्या जागेत तुझा जीव किती गुंतला आहे ते काल फोनवर कळलं, म्हणून सविस्तर लिहून राहिलो. एजंट म्हणतो, आठवड्यात इसार द्या, मुंबईची पार्टी तयार आहे. तू घाई काहून करतोस बे? अजून ती जमीन कागदावर नेमकी काय आहे, हेच आपल्याला ठाऊक नाही.

फोटोत 'इतर हक्क'चा रकाना अर्धा कापला गेला आहे. भूमी अभिलेखातल्या नोकरीत मी पहिल्यांदा तोच रकाना वाचायचो. कोकणात तर तिथेच सगळं दडलेलं असतं : कुळाची नोंद, वाटणीचा दावा, आणि तुझ्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'खाजगी वन' असा शेरा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी सरकारकडे गेल्या, पण गावच्या दप्तरात मालकाचं नाव बरेचदा तसंच राहून गेलं. मुलुंडकडे लोकांनी घरं घेतली, हप्ते फेडले, आणि नंतर कळलं की जमिनीवर १९५० च्या दशकातल्या वन नोटिशीची छाया आहे. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दिलासा दिला खरा, पण तोवर त्या माणसांची किती वर्षं गेली! म्हणून आजचा ऑनलाइन उतारा पुरत नाही. जुने हस्तलिखित सातबारे, सगळे फेरफार आणि वनखात्याचं लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एक रुपयाही हलवू नको.

उताऱ्यावर अकरा नावं सामाईक आहेत, त्यातली निम्मी माणसं मुंबईत असतील. एकानं जरी 'माझी सही नाही' म्हटलं तरी पुढची दहा वर्षं कोर्टात. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही आहेच. शेतजमिनीचे मनाला येतील तसे तुकडे विकता येत नाहीत, आणि सामाईक गटातल्या पंधरा गुंठ्यांना चार बाजू दाखवणारी मोजणी झालेली नसेल तर तू जागा घेणार की नुसता हिस्सा? शेतकरी दाखल्याची चिंता तुला नाही, काटोलच्या संत्र्याच्या वाडीवर तुझं नाव आहे.

आता अभयारण्याचं. फणसाड म्हणजे एकेकाळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ ला अभयारण्य झालं. शेकरू, भेकर, गिधाडं, झाडांवर चढलेले गारंबीचे प्रचंड वेल, हे सगळं टिकलं कारण तिथं मनाई आहे. अभयारण्याच्या कुंपणाबाहेर इको-सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा पट्टा असतो. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो किमान एक किलोमीटर सक्तीचा केला आणि एप्रिल २०२३ मध्ये ती सक्ती सैल केली. जिथं केंद्राची अधिसूचना निघाली आहे तिथं ती अधिसूचनाच प्रमाण. तिच्या नकाशावर तुझा गट नंबर शोधायला हवा. अशा अधिसूचनांत साधारणपणे हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला बंदी असते, खाणी आणि खडी क्रशर बंद असतात, झाड तोडायला परवानगी लागते. गावातल्या माणसाला स्वतःच्या राहण्याचं घर बांधायची मुभा बहुधा मिळते. 'खाली राहू, वर दोन खोल्या पाहुण्यांना देऊ' हा तुझा बेत मात्र तिथं अडकेल.

एजंट म्हणाला ना, 'नियम पुढे शिथिल होतील, मग भाव तिप्पट'? मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आला. आपण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलं नाही का? जंगलापाशी जायचं म्हणून माणसं आली, मग भिंती आल्या, रात्रभर दिवे, लग्नाचे डीजे. मग त्याच पेंचमध्ये वाघोलीच्या तळ्यापाशी आकाश काळं राहावं म्हणून गावातल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवावी लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. मला त्याचा फार अभिमान आहे. फणसाडचे नियम ढिले झाले तर तुझ्या शेजारच्या गटात रिसॉर्टच उभं राहणार, आणि ज्या शेकरूसाठी तू हजारेक किलोमीटर जाऊन राहणार ते आत सरकणार. ते निर्बंध आहेत म्हणून ती जागा घेण्यासारखी आहे, मित्रा. ते अडचण वाटत असतील तर दुसरीकडे बघ.

खाडीचा काठ वेगळंच प्रकरण आहे. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाला आवर घालणाऱ्या नियमांच्या पट्ट्यात, भरतीरेषा डोळ्यांनी ठरत नाही, मंजूर नकाशावर ठरते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकाम नाही; दाट वस्तीच्या गावांत ते ५० मीटरवर आलं. खाडीला मोजमाप निराळं. आणि फोटोत खाली जे हिरवं दिसतं ती कांदळवनं आहेत. हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव असतो. ती छाटून खाडी दिसायला मोकळी करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फीर.

पाण्याचं कुणीच सांगत नाही. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, तिथं त्याच्या अडीच-तीनपट. तरी जांभ्या दगडातून तो झरझर खाली जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांवर विहिरी तळ दाखवतात. शेजारच्या घरी जाऊन विचार, मे महिन्यात पाणी कुठून आणता? आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाचंही विचार. रायगडच्या किनाऱ्यावर नारळ-पोफळीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या.

मला विचारशील तर गावठाणातलं एखादं जुनं कौलारू घर बघ. हद्दीपासून थोडं दूर, शेजारी माणसं, विहीर चालू, रस्ता ग्रामपंचायतीचा. जंगल चालत जाऊन पाहता येईल. त्याआधी एक पावसाळा तिथं भाड्यानं राहा, वहिनींना घेऊन. जुलैत सलग पंधरा दिवस ऊन नसतं, लाइट जाते, भिंतींना ओल येते. वहिनींना ते मानवतं का, हे फोटोत दिसत नाही. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे, पुढची वाट मी दाखवतो, आपण दोघं मिळून जाऊ.

तोवर एवढं कर : इतर हक्कासकट पूर्ण सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, १९७५ च्या आधीपासूनचे फेरफार आणि गट नकाशा एजंटकडून माग. द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा. दिले तर लगेच मला पाठव, मी रात्र काढून वाचतो, आणि अलिबागला वन कार्यालयात द्यायचा अर्जही लिहून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बंगल्याचा जो नकाशा तू काढला आहेस तो सुंदर आहे, जपून ठेव.

तुझाच मित्र