पडद्याबाहेरची अकरा मिनिटं

प्रिय दत्ता,

आठ महिने पत्र नाही. फोनवर आपण पोरांचं बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलो. माझी शुगर ठीक, हिचा गुडघा तसाच.

गेल्या मंगळवारी इमर्जन्सीत ड्यूटीवर फोन आला. इथे अमेरिकेत, ओरेगन राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात आमच्या मतदारसंघाची जागा रिकामी होतेय, मी उभं राहावं म्हणतात. ओरेगनचं अधिवेशन सम वर्षी ३५ आणि विषम वर्षी १६० दिवसांपुरतंच, त्यामुळे काम सुटणार नाही म्हणे. पण फोन घ्यायला मी पडद्याबाहेर गेलो, आणि आत छातीत दुखतंय म्हणून आलेल्या आजी होत्या. ईसीजी बघून झाला होता, नर्स जवळ होती, काही बिघडलं नाही. अकरा मिनिटं. परत आलो तर म्हणाल्या, "मला वाटलं डॉक्टर गेले."

हे तुलाच कळेल. आपल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मार्डच्या संपात तू पायऱ्यांवर घोषणा देत होतास. तिसऱ्या दिवशी घसा असा बसला की नुसते तुझे ओठ बघून पोरं टाळ्या वाजवायची! मी आत टाके घालत होतो. मेसमध्ये सगळ्यांदेखत तुला "पेशंट टाकून पळालेला" म्हणालो. तू म्हणालास, "तू टाके घाल, सुया कुठून येणार ते मी बघतो." मग दीड वर्ष अबोला.

व्हरमाँट राज्याचा हॉवर्ड डीन फिजिशियन होता आणि उपगव्हर्नरही. १४ ऑगस्ट १९९१ ला पेशंट तपासत असताना गव्हर्नर वारल्याचा फोन आला. त्याने आधी तपासणी पुरी केली, मग गव्हर्नरपदाची शपथ घ्यायला गेला. मंगळवारपासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि आमचा किट्झहाबर. रोझबर्गचा, इमर्जन्सीचाच डॉक्टर, १९८७ मध्ये राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष. त्या वर्षी विधिमंडळाने मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, अवयव आणि बोनमॅरो रोपणाचे पैसे बंद केले. तेवढ्या पैशात कितीतरी गरीब गरोदर बायकांची तपासणी होणार होती. डिसेंबरात ल्युकेमियाचा सात वर्षांचा मुलगा गेला, घरचे वर्गणी गोळा करत होते तोवर. किट्झहाबरने निर्णय सोडला नाही. उलट म्हणाला, कुणाला नाही म्हणायचं ते उघड लिहून ठेवू. १९९४ मध्ये त्याची ही आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा यादीत आजार-उपचारांच्या ६९६ ओळी होत्या, पैसे ५६५ व्या ओळीपर्यंत. पण त्यातूनच हजारो विमा नसलेल्यांना पहिल्यांदा डॉक्टर मिळाला. दत्ता, हिशोब मला पटतो. पण ५६६ व्या ओळीवरचा माणूस रात्री दोन वाजता माझ्याच पडद्यामागे येतो, त्याला मी काय सांगू? यादीवर हात वर करून आल्यावर त्याची नाडी बघता येईल मला?

तोच किट्झहाबर पुढे गव्हर्नर झाला. १९९६ आणि १९९७ मध्ये दोघांना मृत्युदंड होऊ दिला. २०११ मध्ये तिसऱ्याची वेळ आली तेव्हा थांबवला, पदावर आहे तोवर एकही होणार नाही म्हणाला; डॉक्टर म्हणून घेतलेल्या शपथेची आठवण काढली, आधीच्या दोन्ही निर्णयांचा पश्चात्ताप बोलून दाखवला. चौदा वर्षं मनात घेऊन फिरला असेल. पुढे वेगळ्याच प्रकरणात त्याला राजीनामा द्यावा लागला, पण मला हेच जास्त लागतं.

हिचं मत, उभा राहा. मुलगा म्हणतो, तुला खोटं हसता येत नाही, पडशील. पडायचं भय नाही रे. निवडून आलो तर मंगळवारची अकरा मिनिटं रोजची होतील, आणि नाही उभा राहिलो तर सुया कुठून येणार ते कुणीतरी दुसराच ठरवणार.

लेकीच्या नीटचं काय झालं? वहिनींनी दवाखान्याचा वरचा मजला बांधून घेतला का? आक्कांना नमस्कार.

अर्ज मार्चपर्यंत भरायचाय. त्याआधी रविवारी तुझ्या रात्री फोन करतो, झोपू नकोस. आणि मेसमधलं ते बोलणं मी कधी मागे घेतलं नव्हतं. आज घेतो.

तुझा,
विन्या