काजू-रबराची लागवड म्हणजे जंगल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाच्छादित दाखवले जाते. हा आकडा खोटा नाही, पण तो नेमका कशाचा आहे हे फारसे कोणी सांगत नाही. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांचे छत्र किमान दहा टक्के आहे, तो तुकडा या मोजणीत वन ठरतो. मग जमीन कोणाच्याही मालकीची असो आणि झाडे कोणत्याही जातीची असोत. त्यामुळे डोंगरउतारावरचे ऐन, किंजळ, जांभूळ, हेळा यांचे मिश्र रान साफ करून तेथे काजू किंवा रबर लावले, तर काही वर्षांत तो उतार कागदावर पुन्हा हिरवा होतो आणि मधल्या तोडीचा मागमूसही उरत नाही.

जागतिक पातळीवर मात्र हा भेद पाळला जातो. 2024 मध्ये उष्ण कटिबंधातील सुमारे 67 लाख हेक्टर प्राथमिक, म्हणजे माणसाचा फारसा हात न लागलेले जुने, जंगल नष्ट झाल्याची नोंद आहे, आणि त्या नोंदीत पामतेलाच्या नव्या बागा भरपाई म्हणून धरलेल्या नाहीत. त्याचे कारण उघड आहे. जुन्या झाडांच्या खोडांत, मुळांत आणि पाचोळ्याखालच्या मातीत अनेक दशकांचा कार्बन साठलेला असतो. लाकूड भट्टीत गेले की त्यातला मोठा भाग लगेच हवेत मिसळतो, आणि रबराची बाग तर साधारण तीस वर्षांनी पुन्हा तोडावीच लागते. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळली, तिचे खापर केवळ वृक्षतोडीवर फोडणे धाडसाचे होईल. परंतु पावसाचा जोर असा बेभरवशाचा होत असताना लागवडीसाठी उतारांवर जेसीबीने पायऱ्या खणणे शहाणपणाचे नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

आपल्याकडचे बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे. सातबाऱ्यावर ढीगभर सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला, आणि ठेकेदार एकरकमी पैसे मोजायला तयार. अशा मालकाला दोष देणे मला पटत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात 2013 पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी असूनही तोडीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत, आणि पश्चिम घाटाचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा तर सहावा मसुदा 2024 मध्ये निघाला. नुसत्या मनाईने काय साधते, हे यावरून दिसतेच.

रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून 1990 पासून काजू लावण्यास अनुदान मिळत आले आहे. त्या योजनेने कोकणातल्या अनेक घरांना हात दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याने आपले रान तसेच राखले, त्याच्या पदरात सरकारने काय घातले? तेव्हा जिल्हावार अहवालात नैसर्गिक मिश्र जंगल आणि लागवड यांचे रकाने वेगळे करावेत. मिश्र रान राखणाऱ्या खातेदारांना दरवर्षी हेक्टरी ठरावीक रक्कम त्यांच्या हिश्श्यानुसार थेट बँक खात्यात द्यावी. आणि जेथे रान तोडून नवी लागवड झाली असेल, तेथे फळबागेचे अनुदान देऊ नये. यांतल्या शेवटच्या मागणीसाठी जुनी उपग्रह छायाचित्रे तपासली तरी पुरे.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी