आई-बाबा, खोली खालीच घेतेय

आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर
रविवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली. एकदा बाबांना नीट ऐकू गेलं नाही, दोनदा माझाच धीर झाला नाही. शेजारच्या काकू परवा गावाला यायला निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

खोलीचं काम सुरू केलंय. वर नाही, खाली, मागच्या अंगणात. शुक्रवारी चुन्याने आखणी झाली, उद्या खोदायला माणसं येतील. महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय मी कुदळ लावू दिलेली नाही, ती काळजी करू नका.

बाबा, तुमच्या मनात स्वयंपाकघरावरची खोली होती. दादा आला की त्याची माणसं वर, तुम्ही दोघं तुमच्या जागी. नकाशावर सही करताना तुम्ही नुसतं "बघू" म्हणालात आणि मी तो होकार धरला. चुकलं माझं. दिवाळीत तुम्ही इथेच होतात, तेव्हाच समोर बसून बोलायला हवं होतं. पण जिन्यातली ती रात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणखी एक जिना मला नकोच होता.

आणि वर घेता आलंही नसतं. इंजिनिअरने हातोडीने स्लॅब वाजवून बघितला. बाकी सगळीकडे टणटणीत आवाज, मोरीवरच्या कोपऱ्यात मात्र पोकळ. तिथला गिलावा काढला तर आतली सळई गंजून फुगलेली. सळईला गंज धरला की ती जाड होते आणि काँक्रीटला आतूनच तडा देते, असं ते म्हणाले. खाली कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंती आहेत, त्यांवर आणखी मजला चढवू नका, असंही. तेवढा कोपरा दुरुस्त होतोय, गंज घासून नव्याने भरून घेतायत.

बाबा, तुमचा स्लॅब चुकला नव्हता. खाडीची खारी हवा आणि तीस पावसाळे त्याने काढले. ९४ साली तो ओतला तेव्हा पाणी मारायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं, शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा. पाणी साठून राहावं म्हणून तुम्ही वर सिमेंटच्या मसाल्याची छोटी छोटी आळी केली होती आणि मी त्यांत वहीच्या कागदाच्या होड्या सोडायची. रात्री नऊला प्रेसमधून आलात की कपडे न बदलता टॉर्च घेऊन आधी पाणी बघायला वर चढायचात. एकही होडी तुम्ही कधी उचलून टाकली नाहीत. सकाळी जाऊन बघायचे, तर जागच्या जागी असायची.

हे घर वाढवायचंच आहे, हे तर तुमचंच वाक्य. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी तुम्ही सांगायचात की चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात ही घरं आखली तेव्हा ४५ चौरस मीटरचा प्लॉट असो की ७५ चौरस मीटरचा, दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, ज्याला जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं म्हणून. आधी स्वयंपाकघर वाढलं, मग माझ्या अभ्यासाची खोली आली. प्रत्येक वेळी आम्हा मुलांसाठीच वाढवलंत. या वेळी तुम्हा दोघांसाठी वाढू दे ना.

दादाची खोली मी मोडीत काढलेली नाही. नव्या खोलीला कॉलम आहेत आणि फुटिंग, म्हणजे त्यांचा पाया, पुढे वर एक मजला पेलेल अशा हिशोबाने घेतलंय. त्याला मी कळवलंय. तो म्हणाला, आई-बाबांना आवडेल ते कर.

आई, आता तुझ्याशी. अर्धं अंगण जातंय. धुण्याचा दगड हलेल, दोरीची जागा बदलेल. कुरडया पुढच्या चौकात घालाव्या लागतील, तिथे सगळ्यांची ये-जा, तुला ते आवडत नाही हे माहीत आहे. पण कढीपत्त्याला कुणी हात लावणार नाही. त्याच्यासाठी भिंत दीड फूट आत घेतली आणि तेवढी खोली लहान झाली. वृंदावन आहे तिथेच राहील, नव्या दारातून समोर दिसेल. जास्वंद मात्र काढावी लागली. मुळांसकट उचलून ड्रममध्ये लावलीय, रोज बघते, दोन फांद्यांची पानं गळलीत पण खोड हिरवं आहे.

खोली दहा बाय बारा, लागूनच पाच बाय सातचा संडास-बाथरूम. शुक्रवारी माणसं गेल्यावर मी चुन्याच्या रेघांच्या आत, तुमची कॉट येणार तिथे, मातीवर चटई टाकून आडवी झाले. खिडकीचा कट्टा साडेतीन फुटांवर काढला होता. पडल्या पडल्या फक्त आभाळ दिसलं असतं. उठून मिस्त्रींच्या नकाशावर पेनने दोन फूट केलं. आता उशीवरून डोंगर दिसेल, पावसात त्याच्यावरून उतरणारं पाणीसुद्धा. मग बाबांची जुनी काठी घेऊन, त्यांच्यासारखी छोटी पावलं टाकत कॉटपासून बाथरूमपर्यंत चालले. सात पावलं होतात. मध्ये उंबरा नाही. दार तीन फुटी, बाहेर उघडणारं, आत कुणी पडलं तरी अडकू नये म्हणून. टाइल्स खरखरीत, कमोडशेजारी स्टीलची दांडी, दिव्याचं बटण कॉटवरून हाताला येईल असं.

जोतं मात्र एक फूट उंचच ठेवतेय. २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं, आई, तुझ्या तांदळाच्या डब्याला विचार. पायरीऐवजी उतार करतोय. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा लागतो, तो भिंतीलगत बसतोय, एका बाजूला कठडा.

आता नीट ऐका. स्लॅब पडेपर्यंत इथे यायचं नाही, धूळ बाबांच्या छातीला सोसणार नाही. एफडी मोडायची नाही, पैशांची सोय झालीय आणि तुमचे जावई माझ्याआधी तयार होते. मिस्त्रींना परस्पर फोन करून सूचना देऊ नका, मला सांगा. बाबा, गुडघ्याचे व्यायाम दोन वेळा आणि रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच, आठवेल तेव्हा नाही. आई, विहिरीचं पाणी तू शेंदायचं नाहीस, काकांकडे पंप आहे. माळ्यावर चढायचं नाही, कुणीच.

स्लॅब पडला की पाणी मारायला मी सकाळी ऑफिसच्या आधी नेरुळहून येईन, संध्याकाळी ईरा येईल. तिला होड्यांचं सांगितलंय.

आई, हे बाबांना तू वाचून दाखव, सावकाश, त्यांच्या उजव्या कानाशी बसून. स्लॅबचं येईल तेव्हा घाई करू नकोस. आणि ते काय म्हणाले ते जसंच्या तसं मला कळव. रागावले असतील तरी.

तुमची
मनू

ता. क. देव्हारा कुठल्या भिंतीला हवा ते या आठवड्यात सांग. तिथे प्लग काढून ठेवायला सांगते, तुझ्या समईजवळ एक छोटा दिवाही राहील.