ऑस्ट्रेलिया म्हणजे नुसतं क्रिकेट आणि मगरी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी विनोदी मालिकांवर लेख आला होता, वाचला, आवडला पण, फक्त सगळं इंग्लंड-अमेरिकेतच उरकलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला एकच ओळ, तीही ‘क्रोकोडाइल डंडी’ची. आता तो १९८६ चा सिनेमा मलाही आवडतो, पॉल होगन आधी सिडनीच्या हार्बर ब्रिजवर काम करणारा कामगार होता हे कळल्यावर तर जास्तच आवडला, पण तिथल्या लोकांच्या घरातला विनोद बघायचा तर मगरवाल्यापासून सुरुवात करू नका असं माझं मत आहे.

सुरुवात करायची ‘द कॅसल’पासून. १९९७ चा, रॉब सिचचा, शूटिंग म्हणे ११ दिवसांत उरकलेलं आणि ते दिसतंही, कुठे चकचकीतपणा नाही. मेलबर्नच्या एअरपोर्टला खेटून डॅरिल केरिगनचं घर, डोक्यावरून विमानं जातायत, शेजारी हाय टेन्शनच्या तारा, आणि हा टो-ट्रकवाला बाबा म्हणतो की केवढी भारी जागा मिळालीय आपल्याला! तारा बघून त्याला माणसानं वीज कशी तयार केली याचं कौतुक वाटतं. बायकोनं ताटात काहीही वाढलं तरी पहिल्यांदाच खातोय अशी तारीफ. मग एअरपोर्ट वाढवायला सरकार घर घ्यायला निघतं आणि प्रकरण कोर्टात जातं, वकील कसला तर ऑफिसातलं झेरॉक्स मशीन ज्याला आवरत नाही असला, राज्यघटनेतलं नेमकं कलम कुठलं विचारलं तर म्हणतो एकूण ‘वाइब’ आहे! पुढे एक रिटायर्ड मोठा वकील येतो आणि ते कलम खरोखरच निघतं, ५१ व्या कलमाचं ३१ वं पोटकलम, मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवर घ्या म्हणणारं. ते कलम सिनेमासाठी बनवलेलं नाही बरं का, खरंच आहे. मला यातलं काय आवडतं सांगू का, केरिगन लोकांना आपण हसतो पण त्यांना कुणी येडं ठरवत नाही, शेवटी आपल्यालाच वाटतं की आपलं घर एवढं आवडायला पाहिजे होतं राव.

पण मला खरं लिहायचंय ते ‘मदर अँड सन’बद्दल. तिथल्या सरकारी वाहिनीवर, एबीसीवर, १९८४ ते १९९४, दहा वर्षांत भाग फक्त ४२, जेफ्री अ‍ॅथर्डन या एकट्या लेखकाचं काम. म्हातारी मॅगी विसरायला लागलीय, घटस्फोट झालेला धाकटा आर्थर तिला सांभाळायला घरी येऊन राहिलाय, आणि थोरला रॉबर्ट डेंटिस्ट, तो येतो कधीतरी, तरी आईचा लाडका तोच. हे वाचून किती जणांना घरचंच वाटलं असेल! मॅगी झालेली रूथ क्रॅकनेल अशी काही बघते की ती खरंच विसरलीय की मुद्दाम करतेय हे शेवटपर्यंत कळत नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तर आणखी अवघड. माझी आई शेवटची चार वर्षं अशीच होती. दुपारी मला ओळखायची नाही आणि संध्याकाळी, सकाळी मी फोनवर कुणाला काय बोललो ते शब्द न् शब्द बोलून दाखवायची. तेव्हा रडूच यायचं, चिडही यायची आणि चिडल्याची लाज वाटायची. आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी ही मालिका बघितली आणि एका भागात इतका हसलो की बायको आतून बघायला आली, मग ती पण बसली. २०२३ मध्ये नव्यानं केलीय, मी एक-दोन भाग बघितले आणि परत जुनीवर आलो, ते माझं वय असेल.

गंमत म्हणजे आर्थर झालेला गॅरी मॅकडॉनल्ड त्याच्या आधी टीव्हीवर नॉर्मन गन्स्टन नावाचं पात्र करायचा, दाढी करताना कापलेल्या गालावर कागदाचे कपटे चिकटवून मोठमोठ्यांच्या मुलाखती घेणारा खुळा. ११ नोव्हेंबर १९७५ ला कॅनबेऱ्यात पंतप्रधान व्हिटलमना बडतर्फ केलं तेव्हा संसदेच्या पायऱ्यांवर गर्दीसमोर बोलायला हा पण हजर! देशात एवढा मोठा राजकीय घोळ चालू आणि मधे हा.

‘कॅथ अँड किम’ या मालिकेबद्दल थोडक्यात लिहितो नाहीतर पत्र छापायचं नाही तुम्ही. २००२ मध्ये आली. जेन टर्नर आणि जीना रायली जवळपास एकाच वयाच्या, पण एक आई आणि एक लेक, आणि लेकीला घट्ट कपड्यांत आपण फार बारीक दिसतो असं वाटतं. अमेरिकेनं २००८ मध्ये याची नक्कल केली, एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. गुंडाळणारच, तिकडच्या नट्या मला तरी फारच चांगल्या दिसल्या, मग हसायचं कशाला. आणि ‘द गेम्स’ या विनोदी मालिकेतला, सिडनी ऑलिंपिकसाठी शंभर मीटरचा ट्रॅक बांधला आणि मोजला तर ९४ च्या आसपास भरला तो भाग तर सरकारी कामाशी ज्याचा ज्याचा संबंध आलाय त्यानं बघाच. जॉन क्लार्क त्यात चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाही.

उच्चार कळत नाहीत अशी तक्रार असते, खरी आहे, सबटायटल लावा, दोन-तीन भागांनंतर कान बसतो. तर पुरवणीत कुणा जाणकाराकडून यावर सविस्तर लिहून घ्या एवढीच विनंती, मी नुसता बघणारा आहे.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. ‘द कॅसल’मध्ये पोरगा जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचून दाखवतो आणि किंमत ऐकून बाप म्हणतो, सांग त्याला, स्वप्नं बघतोय. आमच्याकडे आता हे कशालाही म्हणतात. पत्र छापून येईल का विचारलं तर बायको हेच म्हणाली.